मागे राहिलेला चेंडू

मे महिन्यातल्या एका रविवारी रात्री सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मैदानावर बास्केटबॉलचा अंतिम सामना संपून पंधरा-वीस मिनिटे झाली होती आणि मी अजून टेबलाशी बसून स्कोअरशीट तपासत होते. दिव्यांभोवती पाखरांचे थवे घोंघावत होते. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या कोर्टाची धग चपलेच्या तळातून पायाला जाणवत होती आणि कुंपणापलीकडच्या गाड्यावरून भडंगात पडणाऱ्या लसणाचा वास येत होता. जिंकलेल्या संघाची मुले एका टेम्पोत दाटीवाटीने चढून ओरडत निघून गेली. हरलेल्या संघात पाच मुख्य खेळाडू होते आणि ते पाच ठिकाणचे होते : सांगली, मिरज, तासगाव, विटा आणि जत. आपापल्या गावच्या संघाचा प्रत्येक जण कणा. एका हौशी आश्रयदात्याने त्यांना एकत्र आणले होते, सारखे बूट, सारख्या जर्सी आणि एक नवा कोरा चेंडू घेऊन दिला होता. सामना त्यांनी तीन गुणांनी घालवला. पाचही जण न बोलता बूट सोडत होते. मग एकेकाने आपली बाटली उचलली, आपली पिशवी खांद्याला लावली, आणि ते पाच दिशांना निघून गेले. नवा चेंडू बास्केटच्या खांबाला टेकून तसाच पडला होता. प्रत्येकाला वाटले असेल की दुसरा कोणी तरी तो घेईल. दिवे विझवायला आलेल्या माणसाने मला विचारले, "बाई, हा कुणाचा?" मला उत्तर देता येईना. तो चेंडू मी घरी आणला.

त्या पाचांतला सांगलीचा मुलगा माझा भाचा. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. रात्री अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. "आत्या, मी वाईट खेळलो का गं?" मी स्कोअरशीट डोळ्यांसमोर आणली. तो वाईट खेळला नव्हता. पाचांपैकी कोणीच वाईट खेळले नव्हते. गुणांच्या रकान्यांत प्रत्येकाच्या क्रमांकापुढे समाधान वाटावे एवढे काही तरी होते. समोरच्या संघात मात्र एकट्याने डोळ्यांत भरावे असे कोणीच केले नव्हते. ती सगळी एकाच शाळेच्या मैदानावर वाढलेली मुले होती. त्यांच्यातल्या एकाला तर मी बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून दुसऱ्याच्या मागे सावलीसारखा पळताना पाहत आले आहे. सामना संपल्यावर प्रेक्षकांतले एक गृहस्थ जाता जाता म्हणाले होते, "अहंकार नडला पोरांचा." आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. मला ते वाक्य पटले नाही, आणि का पटले नाही हे त्या वेळी सांगताही आले नाही. आठ दिवस तो चेंडू व्हरांड्यात चपलांच्या शेजारी पडून होता आणि येता-जाता मी त्या वाक्याशी भांडत होते.

अमेरिकेतले व्यावसायिक सामने आपल्याकडे भल्या पहाटे किंवा सकाळी दिसतात. गेली कित्येक वर्षे माझा पहिला चहा त्यांच्याबरोबर होतो. त्यामुळे नामवंतांची मोट बांधलेले संघ कसे कोसळतात हे मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि दर वेळी तितकीच बेचैन झाले आहे. फिनिक्सने केविन ड्युरांट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील यांना एकत्र आणले. 2024 मध्ये मिनेसोटाने त्यांना पहिल्याच फेरीत चार-शून्य असे धुऊन काढले आणि पुढच्या हंगामात 36 विजय व 46 पराभव अशा हिशोबाने तो संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. ब्रुकलिनमध्ये त्याआधी ड्युरांट, कायरी अर्व्हिंग आणि जेम्स हार्डन असे तिघे होते. तेरा महिन्यांत ते तिघे मिळून जेमतेम 16 सामने एकत्र उतरू शकले. कधी एकाला दुखापत, कधी दुसरा गैरहजर, शेवटी तिसऱ्यालाच तिथे राहायचे नव्हते. त्या सोळांपैकी बहुतेक सामने त्यांनी जिंकले होते, ही गोष्ट मला अधिक लागते. कौशल्य पुरेसे होते. एका छपराखाली जे दिवस जावे लागतात ते मात्र गेले नाहीत, आणि 2023 च्या फेब्रुवारीपर्यंत तिघेही तीन वाटांनी निघून गेले.

या खेळाचा हिशोब फार कठोर आहे. क्रिकेटमध्ये अकरा उत्तम फलंदाज असले तरी प्रत्येकाची पाळी वेगळी असते. एकाने शतक काढले म्हणून दुसऱ्याच्या हातातली बॅट कोणी काढून घेत नाही. बास्केटबॉलमध्ये पाच माणसे आणि एकच चेंडू. तिकडच्या नियमाप्रमाणे 24 सेकंदांत बास्केटकडे फेक झाली पाहिजे, आणि त्या 24 सेकंदांत चेंडू जितका वेळ एकाच्या हातात असतो तितका वेळ उरलेले चौघे हात रिकामे ठेवून काही तरी करत असतात किंवा नुसते उभे असतात. गावाकडच्या संघात ज्या मुलाच्या हातात चेंडू सतत असतो तो त्यामुळेच मोठा होतो. त्याची नजर, त्याच्या पायांची लय, कोणत्या क्षणी उडायचे याचा अंदाज, हे सारे हातातल्या चेंडूच्या वजनाबरोबर शिकलेले असते. असे पाच जण एका कोर्टावर उभे केले की पाचांपैकी चौघांना एका क्षणात अनोळखी काम करावे लागते. जे काम त्यांच्यासाठी आजवर दुसरे कोणी करत होते, आणि ज्याच्याकडे त्यांनी कधी वळून पाहिलेले नव्हते. तो बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून सावलीसारखा पळणारा मुलगा विकत आणता येत नाही. तो आपल्या जुन्या संघात मागे राहिलेला असतो.

माझी स्कोअरशीटही त्याला ओळखत नाही. तिच्यावर गुण लागतात, फाउल लागतात, टाइमआउट लागतात. कोणी कोणाची वाट मोकळी करून दिली, कोणी चेंडू येणार नाही हे ठाऊक असूनही जीव तोडून कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन एका प्रतिस्पर्ध्याला आपल्यामागे ओढून नेले, याला तिच्यावर रकाना नाही.

आता अहंकाराविषयी. 2003 च्या उन्हाळ्यात कार्ल मलोन आणि गॅरी पेटन हे दोघे लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघात आले. तिथे शकील ओनील आणि कोबी ब्रायंट आधीच होते. मलोन चाळिशीला टेकलेला, पेटन पस्तिशीत. दोघांची कारकीर्द भरगच्च, पण विजेतेपद एकदाही हाताला लागलेले नव्हते. ते मिळावे म्हणून दोघांनी दुसरीकडे मिळू शकले असते त्याहून कितीतरी कमी पैसे स्वीकारले. असा माणूस लोभी कसा म्हणायचा? तरीही 2004 च्या अंतिम मालिकेत डेट्रॉइटने त्या संघाला चार-एक असे हरवले. डेट्रॉइटमध्ये चॉन्सी बिलप्स, रिचर्ड हॅमिल्टन, टेशॉन प्रिन्स, रशीद वॉलेस आणि बेन वॉलेस होते. चांगले खेळाडू, पण भिंतीवर ज्यांची चित्रे लावावीत अशी त्या वेळी त्यांची ख्याती नव्हती. मलोनचा गुडघा दुखावला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण मी पेटनकडे पाहत असे. सगळे आयुष्य ज्याने चेंडू स्वतः वर आणला, दुसऱ्यांना जागा दाखवल्या, आरडाओरडा करून संघ चालवला, तो माणूस, चेंडू एकाकडे न ठेवता सगळ्यांत फिरवणाऱ्या लेकर्सच्या त्रिकोणी रचनेत, कोपऱ्यात उभा राहून वाट पाहत होता. आळशी नव्हता, रुसलेला नव्हता. घरातल्या कर्त्या बाईला सुनेच्या स्वयंपाकघरात पाट देऊन बसवावे आणि तिच्या हातांना काही काम नसावे, तसे त्याचे हात दिसत होते.

पैसे सोडणे सोपे असते. हातांची सवय सोडणे अवघड असते.

हे मला ठाऊक आहे, कारण मी ती सोडली नव्हती. 1986 साली मी जिल्ह्याच्या निवड संघात होते. आमच्या क्लबमध्ये डाव्या कोपऱ्यातून फेक घेणारी मी एकटी. तो कोपरा मला स्वतःच्या खोलीसारखा वाटे. डोळे मिटूनही तिथून बास्केट कुठे आहे ते खांद्याला कळे. निवड संघात माझ्याहून चांगली फेक असलेली एक मुलगी होती, दुसऱ्या गावची. सरांनी शांतपणे सांगितले की शेवटच्या मिनिटांत चेंडू तिच्याकडे जाईल आणि तू तिच्यासाठी स्क्रीन लावायची. स्क्रीन लावणे म्हणजे तिच्यामागे धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत खांबासारखे निश्चल उभे राहायचे आणि त्याचा सारा धक्का स्वतःच्या छातीवर घ्यायचा, म्हणजे तिला अर्ध्या क्षणाची मोकळीक मिळते. मी मान डोलावली. मनात राग नव्हता, निदान मला तरी तो ओळखू आला नाही. राज्य स्पर्धेतल्या त्या सामन्यात एक गुण मागे असताना, शेवटच्या काही सेकंदांत मी जागेवर गेले, उभी राहिले, आणि जिथे उभे राहायचे होते तिथून अर्धे पाऊल अलीकडे राहिले. प्रतिस्पर्धी मुलगी माझ्या खांद्याला घासून निसटली. तिच्या बोटांचा चेंडूला स्पर्श झाला, फेक कडीला लागून बाहेर आली आणि आम्ही एका गुणाने हरलो. सगळ्या जणी त्या फेकणाऱ्या मुलीची समजूत घालत होत्या. मीही तिच्या पाठीवर हात ठेवला. अजूनही एखाद्या लग्नकार्यात ती भेटते, तब्येत, मुलेबाळे, सुना असे सगळे बोलणे होते, आणि निघताना ती हमखास म्हणते, "त्या दिवशी माझाच शॉट कमी पडला बघ." आणि मी काहीच बोलत नाही.

ते अर्धे पाऊल मी मुद्दाम मागे ठेवले का? चाळीस वर्षे होत आली, मी अजून सांगू शकत नाही. मला एवढेच आठवते की त्या क्षणी माझी नजर माझ्या कोपऱ्याकडे होती. तो मोकळा होता. माझ्या पायांना तिकडे जायचे होते. याला अहंकार म्हणायचे असेल तर म्हणावे, पण अहंकार म्हटला की डोळ्यांसमोर छाती फुगवलेला माणूस येतो आणि मी तर त्या वेळी अतिशय केविलवाणी होते. जिच्यामुळे मला 'मी' वाटत असे ती एकच गोष्ट माझ्याकडून मागितली गेली होती, आणि बदल्यात जे मिळणार होते ते दुसऱ्या कोणाच्या नावापुढे लागणार होते.

म्हणूनच 1994 च्या मे महिन्यातली स्कॉटी पिपेनची गोष्ट ऐकताना मी इतरांसारखी चटकन निवाडा करू शकत नाही. मायकेल जॉर्डन निवृत्त झालेला, शिकागोचा सारा भार वर्षभर पिपेनने वाहिलेला. न्यूयॉर्कविरुद्ध बरोबरी, 1.8 सेकंद शिल्लक, आणि प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी शेवटची फेक टोनी कुकोचसाठी आखली. पिपेनने रेषेबाहेरून चेंडू आत द्यायचा होता. तो बाकावरून उठलाच नाही. कुकोचने फेक बास्केटमध्ये घातली, सामना जिंकला, आणि नंतर खोलीत बिल कार्टराइट या ज्येष्ठ सहकाऱ्याला बोलताना रडू आवरले नाही. पिपेन हा त्या काळातल्या सर्वांत समजूतदार सहकाऱ्यांपैकी एक होता. दुसऱ्यांना पास देण्यात, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम खेळाडूला रोखण्याचे कष्टाचे काम घेण्यात त्याने उमेदीची वर्षे घातली होती. अशा माणसालाही 1.8 सेकंद जड गेले. मी अर्धे पाऊल मागे राहिले, तो बाकावर राहिला. फरक एवढाच की त्याचे साऱ्या जगाने पाहिले.

या आठ दिवसांत मला वडिलांच्या बैलांची आठवण येत राहिली. तासगावच्या बाजूला आमची थोडी शेती होती. वडिलांकडे एक खिलार बैल होता, पांढराशुभ्र, उंच शिंगांचा, आणि कायम जुवाच्या उजव्या बाजूला चालणारा. त्याचा जोडीदार म्हातारा झाला तेव्हा वडील खरसुंडीच्या जत्रेत गेले आणि तितकाच देखणा, तितकाच दमाचा दुसरा खिलार घेऊन आले. सारा गाव बघायला लोटला. अशी जोड पंचक्रोशीत नाही, असे जो तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाडी जुपली आणि ती शंभर पावलेही सरळ चालेना. नवा बैलही उजव्या अंगाचा निघाला होता. डाव्या बाजूला जुपला की तो सतत आत रेटत येई, मान वाकडी करी, जुन्याच्या खांद्यावर जू चढे, आणि दोघेही फेसाळून उभे राहत. गड्याने कासऱ्याचा फटका उगारला तेव्हा वडिलांनी त्याचा हात धरला. "त्याचं काही चुकत न्हाई. त्याला जे येतंय ते तो करतोय," एवढेच ते म्हणाले. मग जवळजवळ एक सुगी त्यांनी ती जोड रिकाम्या गाडीला जुपली. पहाटे ओढ्याच्या कडेच्या वाटेने, ओझे न घालता, स्वतः डाव्या बाजूला पायी चालत, नव्याच्या मानेवर हात ठेवून. खांदेपालट हा शब्द आपण मंत्रिमंडळाच्या बातम्यांत वाचतो. मी तो एका जनावराच्या मानेवर घडताना पाहिला आहे. नव्या बाजूला घट्टे पडायला फार दिवस लागले. आधी कातडे सोलवटले, वडील त्यावर हळद-तेल लावत, आणि त्या हळदीचा पिवळा डाग त्या पांढऱ्या मानेवर कितीतरी दिवस दिसत असे.

रिकामी गाडी चालवण्याइतका धीर व्यावसायिक संघाच्या मालकाकडे नसतो, हे मी समजू शकते. तीन मोठ्या खेळाडूंना कमाल मानधन दिले की वेतनमर्यादेमुळे उरलेल्या जागा किमान मानधनावर येणाऱ्या खेळाडूंनी भरायच्या. मोठे तिघे तिशी ओलांडलेले, म्हणजे वेळही थोडा. पहिल्या दिवसापासून गाडीत ऊस भरलेला, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे. 2012 मध्ये लेकर्सनी कोबी आणि पाऊ गासोल यांच्या जोडीला स्टीव्ह नॅश व ड्वाइट हॉवर्ड आणले. पाच सामन्यांत चार पराभव होताच प्रशिक्षक माइक ब्राउन यांना काढून टाकले. पाच सामने! त्या हंगामाच्या अखेरीस कोबीच्या टाचेचा स्नायूबंध तुटला आणि सॅन अँटोनिओने पहिल्याच फेरीत त्यांना चार-शून्य असे घरी पाठवले.

आपल्याकडे दोन नक्षत्रे एकत्र आल्याचे उदाहरण म्हटले की सांगलीच्या माणसाच्या तोंडी नाटकाचेच नाव येते. 1921 च्या जुलैमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झाले. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. एक नागठाण्याचे, दुसरे कोल्हापूरचे. दोन स्पर्धक मंडळ्यांचे मालक आणि दैवते. त्या रात्रीविषयी आमच्या घरात तीन पिढ्या ऐकत आल्या आहेत, जणू कोणी तरी आमच्यातले तिथे बसले होते. मी लहानपणी भावे नाट्यमंदिरात बसून नाटक पाहताना त्या रात्रीची कल्पना करत असे. पण आता विचार करते तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. एक म्हणजे दोघांपैकी कोणालाही आपली जागा सोडावी लागली नव्हती. भामिनीने धैर्यधर व्हायचे नव्हते. नायक आणि नायिका या दोन वेगळ्या जागा नाटकात आधीच होत्या आणि दोघे आपापल्या जागेचे राजे होते. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना एका बिऱ्हाडात हंगाम काढायचा नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. ती रात्र खरोखरच थोर असणार याविषयी मला शंका नाही. मात्र रात्र आणि हंगाम यांत मोठे अंतर आहे आणि संघ हा हंगामाचा असतो.

हंगाम म्हणजे काय हे 2004 च्याच ऑगस्टमध्ये अथेन्सला दिसले. व्यावसायिक खेळाडू ऑलिंपिकमध्ये उतरू लागल्यापासून, म्हणजे 1992 पासून, अमेरिकेचा पुरुष संघ तिथे एकही सामना हरला नव्हता. त्या संघात ॲलन आयव्हर्सन होता, टिम डंकन होता, कोवळे लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड होते. पहिल्याच सामन्यात प्वेर्तो रिकोने त्यांना 92–73 असे हरवले. मग लिथुआनियाने. मग उपांत्य फेरीत अर्जेंटिनाने, 89–81. अर्जेंटिनाचे खेळाडू वर्षानुवर्षे एकमेकांबरोबर खेळत आले होते. मानू जिनोबिली पास देताना समोर पाहतसुद्धा नसे, कारण जिथे माणूस असायला हवा तिथे तो असणारच हे त्याला ठाऊक असे. आणि त्या अमेरिकी संघाचे प्रशिक्षक होते लॅरी ब्राउन. दोनच महिन्यांपूर्वी डेट्रॉइटच्या त्या पाच जणांना घेऊन ज्यांनी लेकर्सना हरवले, तेच. तेच डोळे, तीच शिकवण, तोच उन्हाळा. जूनमध्ये त्यांच्या हाताशी दिवस होते, ऑगस्टमध्ये नव्हते. 2014 मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच आढळले की बास्केटबॉल आणि फुटबॉलमध्ये एका मर्यादेपलीकडे नामवंतांची संख्या वाढली की संघाची कामगिरी खालावू लागते, बेसबॉलमध्ये मात्र तसे होत नाही, कारण तिथे ज्याचे त्याचे काम बरेचसे ज्याच्या त्याच्यापाशी असते. मला त्या निष्कर्षाचे आश्चर्य वाटले नाही. त्या आकड्यांत कुठे तरी माझे अर्धे पाऊलही असणार.

आणि तरीही नामवंतांचे संघ जिंकले आहेत. त्याबद्दल लिहिले नाही तर मी खोटी ठरेन. बॉस्टनने केविन गार्नेट, पॉल पिअर्स आणि रे ॲलन यांच्यासह पहिल्याच वर्षी, 2008 मध्ये विजेतेपद घेतले. त्या तिघांना जुळायला वेळ लागला नाही, कारण गार्नेटला मुळातच गुणांपेक्षा बचावाची ओढ होती. पण मला त्यांच्यापेक्षा ख्रिस बॉश अधिक जवळचा वाटतो. टोरांटोत तो संघाचा मध्यबिंदू होता, सामन्यामागे 24 गुण करणारा. 2010 मध्ये लेब्रॉन आणि वेड यांच्याबरोबर मायामीत आला आणि त्याचे गुण 18 च्या घरात आले, पुढे 16 वर. बास्केटजवळची त्याची जागा सुटली. वाट मोकळी राहावी म्हणून तो बाहेर, दूरच्या रेषेकडे उभा राहायला शिकला. पहिल्या सतरा सामन्यांत आठ पराभव झाले तेव्हा टीकाकारांनी सर्वांत आधी त्याच्याकडेच बोट दाखवले. 2011 ची अंतिम मालिका ते डॅलसकडून हरले. 2012 मध्ये जिंकले. आणि 2013 च्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात, सारे संपल्यात जमा असताना, लेब्रॉनची चुकलेली फेक बॉशने गर्दीतून उडी मारून पकडली आणि स्वतः वर न पाहता, क्षणाचाही विलंब न करता, कोपऱ्याकडे मागे सरकणाऱ्या, आता मायामीकडून खेळणाऱ्या रे ॲलनला दिली. 5.2 सेकंद उरले असताना ॲलनने बरोबरी साधली. जादा वेळेतली प्रतिस्पर्ध्याची शेवटची फेकही बॉशनेच अडवली. त्या सामन्याची आठवण काढणारे ॲलनची फेक सांगतात. मी ती चित्रफीत कितीदा तरी पाहिली आहे आणि दर वेळी बॉशच्या हातांवर थांबते. तीन वर्षे त्या हातांना काय शिकवले गेले होते, काय विसरायला लावले होते, त्याला किती दुखले असेल, हे त्या एका पासात मला दिसते. पेटनचेही सांगितले पाहिजे : 2006 मध्ये तो मायामीकडून, राखीव खेळाडू म्हणून, अंतिम मालिकेत उतरला. तिसऱ्या सामन्याच्या शेवटच्या सेकंदांत त्याची फेक निर्णायक ठरली आणि त्या वर्षी विजेतेपद त्याच्या हाताला लागले. खांद्याला घट्टे पडायला त्यालाही काही वर्षे लागली.

नवव्या दिवशी भाचा घरी आला. व्हरांड्यात चेंडू पाहून थबकला. "तुझ्याकडं आहे होय! आम्ही एकमेकांना विचारतोय." म्हणजे ते एकमेकांशी बोलत होते, हे मला बरे वाटले. ऑगस्टमध्ये पुन्हा एक स्पर्धा आहे. आश्रयदाते अजून पाठीशी आहेत. मी त्याला म्हटले की मंगळवारी सकाळी सहाला मी चेंडू घेऊन मैदानावर येते, जो येईल तो येईल. मंगळवारी तिघे आले. मिरजेचा सायकलने, तासगावचा थोरल्या भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून, आणि माझा भाचा. विट्याच्या मुलाने निरोप पाठवला होता, जतच्या मुलाकडून काहीच नाही. रात्री शिडकावा झाला होता, कोर्टाच्या एका कडेला पाणी साचले होते आणि हवेत पहिल्या पावसाचा वास होता. मी त्यांना सांगितले की आज फेक मोजायच्या नाहीत, फक्त स्क्रीन. भाचा उभा राहिला, मिरजेचा मुलगा त्याच्या कडेने वळून पळाला, तासगावचा त्याच्यामागे. धक्का लागायच्या क्षणी भाच्याचा खांदा किंचित वळला, पाय मागे सरकला, आणि तासगावचा मुलगा निसटून गेला. इतके थोडे की दुसऱ्या कोणाला दिसलेही नसते.

"अर्धं पाऊल पुढं," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिले. "तुला कसं दिसलं?" मी त्याला 1986 ची गोष्ट सांगितली. कोर्टाच्या कडेला, त्या दोघांच्या समोरच, पहिल्यांदाच. तिघे गप्प राहून ऐकत होते. तासगावच्या मुलाने शेवटी विचारले, "त्यांना सांगितलंत का तुम्ही कधी?" मी नाही म्हटले. मग कोणी काही बोलले नाही आणि भाचा पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला. या वेळी तासगावच्या मुलाचा खांदा त्याच्या छातीवर पुरा बसला. तो आवाज मला टेबलाच्या जागेपर्यंत ऐकू आला. भाच्याने छाती चोळली. मोकळ्या सुटलेल्या मिरजेच्या मुलाची फेक कडीवर आपटून उसळली, चेंडू साचलेल्या पाण्यातून उडत फाटकाकडे घरंगळत गेला, आणि तिघेही एकदम त्याच्यामागे धावले.